बारा जणी, दोन गाड्या आणि नामिबचं वाळवंट

पुण्यातल्या बायकांनी घोळक्याने फिरायला जाणं आता कुणाला नवल वाटावं असं राहिलेलं नाही. भिशीतल्या, योगवर्गातल्या नाहीतर शाळेच्या बॅचमधल्या मैत्रिणी आधी कोकणात जातात, मग राजस्थानात, मग थायलंडला. वीणा पाटील यांनी फक्त महिलांच्या सहली महाराष्ट्रात रुळवल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. यानंतरची पायरी म्हणून आफ्रिकेचं नाव निघतं तेव्हा बहुतेकींच्या डोळ्यांसमोर केनियातलं मसाई मारा येतं. पण वाळवंट, प्राणी आणि तिथली माणसं हे तिन्ही एका फेरीत पाहायचं असेल, तर नामिबिया जास्त सोयीचा. क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. वस्ती मात्र 2023 च्या जनगणनेत 30 लाखांच्या आसपास. पुणे महापालिकेच्या हद्दीतच 2011 साली 31 लाख लोक होते. एवढं सांगितलं की तिथल्या रस्त्यांवर किती माणसं भेटणार, याचा अंदाज येतो.

अशा सहलीचा कार्यक्रम पत्रकरूपात हाती येतो तेव्हा तो कुण्या एजंटने ठरवलाय असं वाटतं. खरं तर तो पाणी ठरवतं. कधी जायचं, कुठे थांबायचं, पहाटे किती वाजता उठायचं, या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे.

पहिला प्रश्न हंगामाचा. मे ते ऑक्टोबर हे महिने तिथे कोरडे. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, त्या जुलै-ऑगस्टात नामिबियात हिवाळा असतो आणि पाऊस जवळजवळ नसतोच. रानातली डबकी आटलेली असतात, त्यामुळे जनावरांना उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. जानेवारी ते मार्च पाऊस पडला की पाणी जागोजागी मिळतं, गवत वाढतं आणि प्राणी पांगतात. तिकिटं तेव्हा स्वस्त दिसतील, पण हत्ती बघायला जाणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये.

भारतातून नामिबियाच्या राजधानीला, विंडहुकला, थेट विमान नाही. मुंबईहून निघून अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गला विमान बदलावं लागतं. इथे पिवळ्या तापाच्या लशीचा मुद्दा येतो. नामिबियात हा ताप नाही, पण इथिओपिया आणि केनिया धोक्याच्या यादीत आहेत. त्या देशांत राहून परत येणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल, तर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसवतात. नुसतं विमान बदललं असेल तर सवलत आहे, पण पहाटे तीन वाजता आरोग्य अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा दाखला जवळ असलेला बरा. पुण्यात ही लस महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात मिळते. घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठीपुढच्या बायकांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. त्या वयात लशीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, आणि अशा गटांत निम्म्या जणी त्याच वयाच्या असतात. एटोशा राष्ट्रीय उद्यान आणि उत्तर भागासाठी मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्यावं.

बारा जणी असतील तर एक मोठी बस घेण्यापेक्षा उघडणाऱ्या छताच्या दोन गाड्या घ्याव्यात. प्रत्येकीला खिडकी मिळणं ही सफारीतली चैन नव्हे, गरज आहे. मधल्या जागेवरून मैत्रिणीचा खांदाच जास्त दिसतो. जागा रोज बदलायच्या, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी रुसवे सुरू होतात. कडक सूटकेस नको, मऊ बॅगा घ्याव्यात, कारण त्या गाडीच्या मागच्या भागात कोंबता येतात. चार्जरचा प्रश्न सोपा आहे. तिथली भिंतीतली भोकं आपल्या गिझरच्या जाड तीन पिनांची, पंधरा अँपियरची असतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीत त्याचं कन्व्हर्टर सहज मिळतं, विमानतळावर महागडा अ‍ॅडॉप्टर घ्यायची गरज नाही.

विंडहुकहून नैर्ऋत्येला खडीच्या रस्त्याने पाच-सहा तास गेलं की सेस्रीम येतं. हे नामिब वाळवंटातल्या सोसुसव्लेचं दार. उद्यानाच्या फाटकाआत मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं, बाहेर राहिलेल्यांना सूर्योदयाची वाट पाहावी लागते. राहण्याचे पैसे वाचवायचे तर दुसरीकडे कुठे वाचवावेत, इथे नकोत. आतला सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे, शेवटच्या चार-पाच किलोमीटरला वाळूत चालणारी गाडी लागते. तिथून किलोमीटरभर पायी गेलं की डेडव्ले. पांढरी मातीची भुई, तिच्यावर उभी काळी वाळकी झाडं आणि मागे केशरी टेकड्या. एकेकाळी त्साउखाब नदीचा पूर इथवर यायचा. वाळूच्या टेकड्या सरकल्या, वाट बुजली आणि बाभळीच्या जातीची ही झाडं तहानेने मेली. त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली, म्हणजे आपल्याकडे बहमनी राजवट होती त्या सुमारास. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही, नुसतं उन्हाने करपत राहिलं.

पुढचा टप्पा अटलांटिक किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड. वाटेत सॉलिटेअर नावाचं ठिकाण लागतं. पेट्रोल पंप, जुन्या मोटारींचे सांगाडे आणि अ‍ॅपल पाय प्रसिद्ध असलेली बेकरी, एवढंच गाव. त्यानंतर वॉल्विस बेपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर पंपही नाही आणि स्वच्छतागृहही नाही.

माहितीपत्रकात जे कधीच छापत नाहीत, ते इथे सांगायला हवं. मिश्र गटात बायका प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. तिथल्या हवेत घाम लगेच सुकतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. संध्याकाळी डोकं ठणकतं, आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ सुरू होते. सगळ्या बायकाच असल्या की हा संकोच गळून पडतो. गाइड मोकळी जागा पाहून गाडी थांबवतो, खाली उतरून आधी झुडपांमागे नजर टाकतो, मग एक बाजू बायकांची. कागद पिशवीत घालून परत आणायचा, पुरायचा नाही, कारण या मातीत तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. एटोशाच्या आत मात्र असं उतरता येत नाही. तिथे कुंपण घातलेल्या ठरावीक थांब्यांवरच पाय खाली ठेवायचा.

स्वाकोपमुंडला वर्षाला वीस मिलिमीटरही पाऊस पडत नाही, पण सकाळी स्वेटर लागतो. दक्षिणेकडून येणाऱ्या बेंग्वेला प्रवाहाचं पाणी थंडगार असतं. त्याच्यावरची हवा गारठते, वर चढून ढग होत नाही, धुकं होऊन वाळवंटात शिरते. त्यावरच तिथली कितीतरी जीवसृष्टी जगते. एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या कडेवर चढतो, डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून वाऱ्याकडे उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळून तोंडात येतात. किनाऱ्यालगतच्या गाइडबरोबर अर्धा दिवस काढला तर तो हा भुंगा, वाळूत पोहणारे सरडे आणि वेल्वित्शिया नावाची वनस्पती हे सगळं दाखवतो. वेल्वित्शियाला जन्मभर दोनच पानं असतात. ती वाऱ्याने फाटून चिंध्या होतात, आणि काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत.

उत्तरेला कुनेने भागात हिंबा लोकांची वस्ती आहे. अंगाला आणि केसांना तांबडा लेप लावलेल्या त्यांच्या बायकांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. लेपाला ओत्जिझे म्हणतात. लोहयुक्त तांबडा दगड दगडावर वाटायचा, लोण्याच्या चरबीत कालवायचा आणि त्यात सुवासिक डिंक घालायचा. ऊन, किडे आणि कोरडेपणा या तिन्हींवर तो उतारा आहे. पाणी माणसांना आणि गुरांना पुरवून वापरायचं, म्हणून अंघोळ धुराची. निखाऱ्यावर सुगंधी वनस्पती टाकून वर पांघरूण घेऊन बसतात. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही, बाळंतिणीची शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी त्यांनी घरात पाहिलेली असते. गप्पा तिथूनच सुरू होतात. केसांच्या रचनेवरून मुलगी वयात आली की नाही, बाईचं लग्न झालंय की नाही, हे कळतं. बायकांचा गट असला की झोपडीत बोलावणं लवकर येतं.

काही गोष्टी पाळाव्यात. गाइडने मुखियाची परवानगी घेतल्याशिवाय आत जायचं नाही. मुख्य झोपडी आणि गुरांचा गोठा यांच्या मध्ये पवित्र अग्नी असतो, त्या रेषेतून आरपार चालायचं नाही. ‘मोरो’ म्हणजे नमस्कार, ‘ओकुहेपा’ म्हणजे आभार, हे दोन शब्द पुरतात. पोरांना चॉकलेटं वाटू नयेत. मक्याचं पीठ, तेल असं गाइडमार्फत द्यावं आणि बांगड्या-माळा त्याच बायकांकडून विकत घ्याव्यात, पैसे थेट त्यांच्या हातात जातात. तास-दीड तास पुरे. त्याहून जास्त वेळ थांबलं की आपण त्यांच्या दिवसाच्या मध्येच येतो. याच भागात हेरेरो बायका लांब घोळदार झग्यात, गाईच्या शिंगांच्या आकाराची टोपी घालून दिसतात. झगा जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेला आहे. याच जर्मनांच्या सैन्याने 1904 ते 1908 दरम्यान त्यांच्या समाजाची कत्तल केली. जर्मनीने तो वंशसंहार होता हे 2021 मध्ये मान्य केलं.

एटोशा राष्ट्रीय उद्यान 1907 पासून संरक्षित आहे. त्याच्या मधोमध पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढा मिठागरासारखा पांढरा कोरडा तळ आहे. ताडोबात जिप्सी वाघाच्या मागे धावते, ती सवय इथे सोडायची. एका पाणवठ्यापाशी गाडी बंद करून दोन तास बसायचं. आधी झेब्रे येतात, मग ओरिक्स जातीची हरणं. हा ओरिक्स कडक उन्हात सावलीवाचून उभा राहू शकतो. घाम गाळून पाणी घालवण्याऐवजी तो अंगाचं तापमान चाळीस अंशांच्या वर चढू देतो आणि मेंदूकडे जाणारं रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळीत, नाकातून गार होऊन येणाऱ्या रक्ताजवळून जाताना थंड होतं. हत्तींचा कळप आला की बाकी सगळे मागे सरून उभे राहतात. ओकाउकुएजोच्या मुक्कामात तर पाणवठा कुंपणापलीकडेच आहे, रात्री त्यावर मंद दिवा असतो. जेवण झाल्यावर शाल घेऊन बाकावर बसावं. काळा गेंडा बऱ्याचदा नऊनंतर येतो. एकच अट, कुजबुजायचंही नाही, आणि सगळ्यात अवघड तीच जाते.

परतीच्या वाटेवर ओत्जिवारोंगोजवळ लॉरी मार्कर यांनी 1990 मध्ये स्थापलेलं चित्ता संवर्धन केंद्र आहे. शेळ्या मारतो म्हणून शेतकरी चित्त्याला गोळी घालत. केंद्राने त्यांना अनातोलियन जातीचे मोठे राखण कुत्रे दिले, शेळ्या वाचल्या, चित्तेही वाचले. 17 सप्टेंबर 2022 ला मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरलेले आठ चित्ते नामिबियातूनच आले होते.

पैशांचं एक काम घरी आल्यावर उरतं. परदेशी टूर पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर, घेते आणि तो ज्याच्या पॅनवर बुकिंग त्याच्या खात्यात दिसतो. म्हणून बुकिंग स्वतःच्याच पॅनवर करावं, नवऱ्याच्या नव्हे. कर भरण्याइतकं उत्पन्न नसेल, तर जुलैअखेर विवरणपत्र भरायचं, घेतलेली सगळी रक्कम परत मिळते.