दोन्ही बाकांवरचे सत्य

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कोरड्या माळावर दगडांचा ढीग, त्याच्याशेजारी मांडी घालून बसलेली बाई, हातात हातोडी, डोक्यावर पदर. फोडलेल्या खडीचे मोजमाप होणार, हजेरीपटाशी ते ताडून पाहिले जाणार आणि मग मजुरी. त्या ढिगाकडे विधिमंडळातून दोन नजरांनी पाहिले जात होते. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट म्हणत होते की, काम मागणाऱ्याला काम मिळणे हा त्याचा हक्क आहे. दुष्काळ जाहीर होण्याची वाट भुकेने का पाहावी? सत्ताधारी बाकांवरून आणि प्रशासनाकडून उलटा प्रश्न येई: पैसा आणायचा कुठून, आणि खडी फोडून झाल्यावर गावाच्या हाती काय राहणार? माझ्या मते दोन्ही प्रश्न खरे होते आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात दडलेले नव्हते.

परस्परविरोधी पक्षांकडे अर्धे-अर्धे सत्य असते असे म्हटले की आपण लगेच मधला बिंदू शोधायला लागतो. या वादातून पुढे आलेला रोजगार हमीचा कायदा मात्र तसा घडला नाही. कामाच्या हमीची कल्पना चिकाटीने लावून धरणारे वि. स. पागे काँग्रेसचेच होते आणि विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे सत्याची वाटणी पक्षांच्या कुंपणाने होत नाही, हे इथेच दिसते. १९७७ चा हा कायदा एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात विरोधकांची हमी अर्धी कापून घातलेली नव्हती. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम द्यायचे, दिवसांना मर्यादा नाही. आणि सत्ताधाऱ्यांची शंकाही झटकून टाकलेली नव्हती. काम उत्पादक हवे, म्हणून नालाबांध, पाझर तलाव, मृदसंधारण; पैसा हवा, म्हणून शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवरचा व्यवसाय कर. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेली रक्कम मराठवाड्यातल्या बांधावर पोचावी, ही तरतूद एका बाकाच्या एकट्या विचारातून निघाली असती असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, यात सत्य कुठले, हा तर हितसंबंधांचा सौदा. बांध आणि तलावांचा लाभ जमीनवाल्यांना होणार होता आणि मोर्चे काढणाऱ्यांना मते हवी होती. असेलही. पण माणूस एखादी गोष्ट स्वार्थापोटी बोलला म्हणून ती खोटी ठरत नाही. मजुराच्या घरात चूल पेटलेली नाही, हे मते मागणाऱ्याने सांगितले तरी ती चूल थंडच असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळ्यांकडेच सत्याचा वाटा आहे असे धरले, तर महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली दलितांना पाण्याला हात लावू न देणाऱ्यांकडेही काही वाटा होता का? नाही. समोरच्याचे माणूसपणच जी बाजू नाकारते तिला वाटा नाही. पक्षांचे म्हणणे अपुरे पण खरे असते ते तिथे, जिथे दोन खऱ्या गरजा एकमेकींना छेदतात: भूक आणि तिजोरी, आजची मजुरी आणि उद्याचे पाणी.

१९८८ साली मजुरीचे दर दुप्पट झाले. मजुरांच्या बाजूने बोलणाऱ्यांची ही रास्त मागणी होती. किमान वेतन सरकारने स्वतःच्याच कामावर नाकारणे शोभणारे नव्हते. पण त्यानंतर कामांवरची हजेरी घटली आणि मागेल त्याला काम मिळत नाही, हे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले. तिजोरीची जुनी चिंता इतक्या वर्षांनी खरी ठरली, आणि तरीही मजुरी वाढवणे चूक नव्हते. १९९० पासून याच रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा तोल दुसरीकडे गेला. स्वतःच्या रानात झाडे लावणाऱ्याला आधार मिळाला, पण ज्याला रानच नाही त्याच्या हक्काविषयी आवाज उठवायला विरोधी बाक पुन्हा हवे झाले. साध्या नियमांतही हाच पेच होता. मूळ योजनेत काम सुरू करायला निदान पन्नास मजूर लागत. कामाची देखरेख आणि मोजमाप नीट व्हावे, तर हा नियम समजण्यासारखा आहे. पण ज्या वाडीत काम मागणारे तीसच हात होते, तिथल्या बायांना त्याच नियमामुळे दूरच्या कामावर पायी जावे लागे.