नदीवरील जलप्रवास आणि केबिनची निवड

१८३४ साली ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ नावाची लोखंडी आगबोट गंगेवर चालू लागली. त्या काळच्या प्रवासी व्यवस्थेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उतारूंची निवासाची सोय खुद्द आगबोटीवर नसून तिच्यामागे दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या एका स्वतंत्र नौकेवर केलेली असे. उथळ पाण्यासाठी बांधलेल्या आगबोटीतील बरीचशी जागा यंत्र, बाष्पक आणि कोळसा यांनीच व्यापलेली असे. मागच्या नौकेतील उतारू त्यामुळे उष्णता व खडखडाट यांपासून आपोआपच दूर राहत. नदीवरच्या प्रवासात झोपण्याची जागा कोठे असावी, या प्रश्नाचे ते एक जुने आणि समंजस उत्तर होते.

आज यंत्र आणि निवास एकाच नौकेत असतात. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा मार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला. याच मार्गावरील वाराणसीहून १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ ही नौका ५१ दिवसांच्या व सुमारे ३२०० किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. बांगलादेशातून जाऊन तिला आसामातील दिब्रुगड गाठावयाचे होते. तिची लांबी ६२ मीटर, रुंदी १२ मीटर, आणि तिच्यावर ३६ उतारूंसाठी १८ खोल्या. इतक्या मर्यादित जागेत अनेक दिवस काढावयाचे असल्यामुळे केबिनची निवड ही किरकोळ बाब राहत नाही. शिवाय भाड्यातील फरकही बहुधा केबिनवरूनच पडतो.

प्रथमच निघालेला प्रवासी पुष्कळदा समुद्रप्रवासाचे नियम नदीला लावतो. समुद्रावर नौका हेलकावे खाते. म्हणून ती जेथे कमी डोलते अशी खालची व मधली खोली तेथे पसंत केली जाते. नदीवर असे हेलकावे सहसा बसत नाहीत. तेथे विचार करावयाचा तो आवाजाचा, उंचीचा आणि उन्हाचा.

प्रथम आवाज. नौका चालविणारे यंत्र बहुधा मागील भागात असते. गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील वाळूचे पट्टे आणि खोल प्रवाहाची वाट वरचेवर बदलते. म्हणून पर्यटकांच्या नौका सामान्यतः रात्री नांगर टाकून थांबतात. यंत्र थांबले तरी दिवे व वातानुकूलन यांसाठी विजेचे जनित्र मात्र चालू राहते. ज्याची झोप सावध आहे त्याची खरी गाठ या जनित्राशीच पडते. उलट अगदी पुढच्या टोकाच्या खोलीत पहाटे नांगराची साखळी वर ओढल्याचा आवाज येतो. स्वयंपाकघराच्या शेजारची किंवा भोजनगृहाच्या खालची खोलीही शांत नसते. म्हणून मधल्या भागातील खोली या दृष्टीने अधिक सुखाची.

दुसरी गोष्ट उंचीची. उथळ पाण्यातून जाता यावे म्हणून नदीवरील नौकेचा तळ फारसा खोल नसतो. ‘गंगा विलास’ पाण्यात केवळ १.४ मीटर बुडते. तळमजल्याच्या खिडक्या पाण्याच्या जवळ येतात आणि खोल्या तुलनेने थंड असतात. परंतु हिवाळ्यात नदीचे पाणी उतरते व मातीचे उंच काठ उघडे पडतात. अशा वेळी खालच्या खिडकीतून कित्येकदा केवळ मातीची भिंतच दिसते. वरच्या मजल्यावरून काठापलीकडची शेते, गावे व देवळे दिसतात. मात्र छपराखालच्या खोल्या उन्हाने तापतात आणि जिने चढावे लागतात. पुष्कळ ठिकाणी धक्का नसल्याने काठावर उतरताना फळीवरून जावे लागते, तेव्हा गुडघ्यांना आधीच श्रम पडतात. वृद्धांनी दृश्यापेक्षा पायऱ्यांची संख्या आधी विचारावी, हे बरे.

तिसरा प्रश्न बाजूचा. कोलकात्याहून उगमाच्या दिशेने जाताना श्रीरामपूर, चंदननगर व चुंचुडा ही डेन, फ्रेंच आणि डच यांच्या जुन्या वसाहतींची गावे डाव्या हाताला लागतात; बराकपूर आणि मुर्शिदाबाद उजव्या हाताला. फराक्क्यानंतर मार्ग बव्हंशी पश्चिमेकडे वळतो. त्यामुळे हिवाळ्यातील दक्षिणेचे ऊन डाव्या बाजूस येते. वाराणसीत गंगा उत्तरेकडे वाहते व घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्यास ते उजवीकडे दिसतात, प्रवाहाबरोबर येणाऱ्यास डावीकडे. शिवाय नांगरलेली नौका प्रवाहाकडे तोंड करून राहते. हुगळीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तर पाणी फिरले की नौकाही फिरते आणि खिडकीसमोरचा काठ बदलतो. याचा अर्थ, कोणतीही एक बाजू सर्वकाळ श्रेष्ठ नसते, आणि केवळ बाजूसाठी अधिक भाडे देण्यात फारसा अर्थ नाही.

सज्जा असलेल्या खोलीविषयीही असेच म्हणता येईल. नदीचे दोन्ही काठ एकाच वेळी दिसतात ते वरच्या खुल्या डेकवरून, आणि ती जागा सर्व उतारूंची असते. ज्याला एकांत हवा आहे किंवा प्रकृतीमुळे ज्याचा बराच वेळ खोलीतच जाणार आहे, त्याला सज्ज्याचा खर्च सार्थकी लागेल. इतरांनी नौकेचा आराखडा मागवून जनित्र, स्वयंपाकघर आणि जिने कोठे आहेत ते पाहावे. खिडकी उघडते किंवा नाही व बिछाने स्वतंत्र आहेत किंवा जोडलेले, हेही विचारून घ्यावे.

दिवस डेकवर जातो, रात्र केबिनमध्ये. रात्री ज्याची झोप पुरी झाली, तोच पहाटे धुके विरताना डेकवर येऊन उभा राहतो. आणि नदी पाहावी ती त्याच वेळी.