नमुना आमचा, लस कुणाला?

इंडोनेशियाने दिलेला नकार

दिल्लीत रिंग रोडलगत, इंद्रप्रस्थ इस्टेटमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशियाचं कार्यालय आहे. संघटनेच्या सहा विभागीय कार्यालयांपैकी हे एक. साथींच्या वाटाघाटी गाजतात त्या जिनिव्हात, पण त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न उभा केला तो २००७ मध्ये, तेव्हा याच विभागात असलेल्या इंडोनेशियाने.

तिथे बर्ड फ्लूने माणसं दगावत होती. रीतीप्रमाणे विषाणूचे नमुने संघटनेशी संलग्न प्रयोगशाळांकडे जात. त्याच नमुन्यांवरून एक परदेशी कंपनी लस तयार करते आहे, हे तेव्हाच्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांना कळलं आणि त्यांनी नमुने देणंच थांबवलं. आम्ही विषाणू द्यायचा आणि परवडत नाही म्हणून लसीवाचून राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. जगभर टीका झाली. पण २०११ मध्ये फ्लूपुरती का होईना, नमुने आणि लाभ यांची सांगड घालणारी व्यवस्था जगाला मान्य करावी लागली.

२०२१ चा एप्रिल

कोविड त्या व्यवस्थेत बसत नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी २०२१ पासून शेजारी देशांत जात होती. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. दिल्लीत नातेवाईक रिकामे सिलिंडर घेऊन ऑक्सिजनसाठी रांगा लावत होते, रुग्णालयं तातडीच्या पुरवठ्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेत होती. लसींची निर्यात जवळपास थांबली. नेपाळमध्ये पहिला डोस घेतलेले लाखो ज्येष्ठ दुसऱ्यासाठी ताटकळत राहिले. त्या दिवसांत घरच्यांना आधी लस देणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. पण नेपाळमधल्या त्या म्हाताऱ्यांचं काय, हे आधी कुठेच ठरलेलं नव्हतं, आणि तीच खरी उणीव होती.

करारात काय आहे

तीन वर्षांहून अधिक चाललेल्या वाटाघाटींनंतर २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. आदल्या दिवशी समितीत १२४ मतं बाजूने पडली, विरोधात एकही नाही; ११ देश तटस्थ राहिले. अमेरिका जानेवारीतच वाटाघाटींतून बाहेर पडली होती.

महासाथीच्या काळात, नमुने आणि लाभ यांच्या व्यवस्थेत सामील झालेल्या कंपन्यांनी आपल्या चालू उत्पादनातल्या २० टक्के लसी, औषधं आणि चाचण्या संघटनेला उपलब्ध करून देण्याचं लक्ष्य ठेवायचं, हे करारातलं मुख्य कलम. त्यांतला निम्मा वाटा, म्हणजे किमान १० टक्के, मोफत. बाकीचा परवडेल अशा दरात.

गाडं कुठे अडतं

नमुने कसे द्यायचे आणि लाभ कसे वाटायचे, याचा तपशील मात्र वेगळ्या जोडपत्रावर सोडला गेला. ते स्वीकारलं गेल्यावरच करार सह्यांसाठी खुला होतो आणि ६० देशांनी अधिकृत मान्यता दिल्यावर लागू होतो.

आता नमुन्याच्या काचेच्या कुपीचीही गरज उरलेली नाही. विषाणूचा जनुकीय क्रम संगणकावर मिळाला की लसीची आखणी सुरू करता येते. ही माहिती कुणी उतरवून घेतली याची नोंदच नसेल, तर पुढे लसीचा वाटा मागायचा कुणाकडे?

भारत या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतो. विषाणू वेगळा काढणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात आणि लस बनवणारा मोठा कारखानाही पुण्यातच. म्हणून माहिती घेणाऱ्याची नोंद आणि त्याच्याशी आधीच केलेला बंधनकारक करार, या दोन्ही मागण्या दिल्लीने लावून धराव्यात. आणि त्याच अटी आपल्या कंपन्यांनाही घालाव्यात.