डेंबा बा इतके क्लब का बदलत राहिला?

डेंबा बाच्या क्लबांची यादी पाहून आम्हालाही आधी वाटायचं, हा गडी कुठे टिकतच नाही! खरं कारण त्याचा गुडघा.

फ्रान्समध्ये सेनेगली घरात जन्मलेला हा स्ट्रायकर बेल्जियममार्गे जर्मनीच्या हॉफेनहाइमला पोहोचला. जानेवारी २०११ मध्ये इंग्लंडचा स्टोक सिटी त्याला घेणार होता, पण वैद्यकीय तपासणीत गुडघा नापास झाला. मग वेस्ट हॅमने जोखीम घेतली. बाने १२ लीग सामन्यांत ७ गोल केले, क्लब मात्र खालच्या श्रेणीत घसरला. असं झालं तर त्याला फुकट सोडायचं, अशी अट करारात होती. म्हणून तो न्यूकॅसलला गेला. पहिल्याच हंगामात १६ लीग गोल! गोल झाला की सजद्यासाठी तोच गुडघा जमिनीला टेकायचा. न्यूकॅसलच्या करारातही ठरलेली रक्कम भरणाऱ्या क्लबला त्याला नेण्याची मुभा होती. चेल्सीने जानेवारी २०१३ मध्ये तेच केलं.

पुढे तुर्कस्तान, मग चीन. २०१६ मध्ये शांघायला पाय मोडला, तोही भयंकर. तरीही २०२० मध्ये, पस्तिशीत, त्याने बशाकशेहिरसोबत तुर्की लीग जिंकली.