गादी सरकली, ऑपरेशन कधी?

नगरकडच्या खेड्यांत कंबरेत उसण भरली की अजूनही एखादी आजी पायाळू माणसाला बोलावणं धाडते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण जाते, हा समज जुना आहे आणि अनेकांना गुण येतोही. कारण साधं आहे. लचकलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर पाच-सहा आठवड्यांत, आपली आपण मोकळी होते. त्या काळात जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो पायाळूचा पाय असो, शेक असो, पट्टा असो की इंजेक्शन.

मणक्याच्या ऑपरेशनचा निर्णय अवघड होतो तो याच गोष्टीमुळे. थांबलो असतो तरी बरं वाटलं असतं का, हे एकट्या रुग्णाला कधीच कळत नाही.

दुखणं हटेना, की तालुक्याच्या गावी एमआरआय निघतो. गादी सरकलीय, नस दबलीय, असं रिपोर्टात येतं आणि घर हादरतं. मग ती मोठी फिल्म पिशवीत घालून नगर, तिथून पुणे. एक डॉक्टर म्हणतात लगेच करा, दुसरे म्हणतात थांबा. दोघं एकच फिल्म पाहत असतात. फिल्म खोटी नसते, पण ती दुखण्याचं चित्र नसते, मणक्याच्या वयाचं असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के माणसांची गादी फुगलेली होती. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या फिल्ममध्ये फुगवटा दिसला, तर तो केसांच्या पांढरेपणासारखाही असू शकतो. त्याची तक्रार आणि फिल्ममधली जागा जुळते का, हे पाय उचलून, अंगठा वर ओढायला लावून, गुडघ्यावर हातोडी मारून हातानंच तपासावं लागतं.

आणि तपासताना डॉक्टर कंबरेइतकंच लक्ष पायाकडे देतात. सरकलेल्या गादीचं ऑपरेशन मुख्यतः पायासाठी असतं, ही गोष्ट रुग्णाला फारशी कुणी सांगत नाही. गादीच्या आतला मऊ गर बाहेर येऊन नसेवर दाबतो. मग नितंबापासून पोटरीपर्यंत, कधी करंगळीपर्यंत कळ जाते, ही सायटिका. सर्जन मणक्याच्या मागच्या बाजूनं छोटी खिडकी करून तेवढा तुकडा काढतात, पूर्ण गादी नाही. नस सुटते, पायाची कळ थांबते. कंबरेचं जुनं ठसठसणं मात्र राहू शकतं. कंबरदुखी थांबावी म्हणून ऑपरेशन करून घेतलेला माणूस पाय मोकळा होऊनही निराश होतो, तो यामुळे.

पायाच्या कळेसाठी घाई करावी का? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याला औषधं आणि वाट पाहणं. २००७ साली आलेले निष्कर्ष असे: लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांनी मात्र पुढे कळ सोसवेना म्हणून ऑपरेशन करून घेतलंच. ऑपरेशननं मुख्यतः वेळ विकत मिळतो, असा याचा अर्थ. ज्याला रात्र रात्र झोप नाही, त्याच्यासाठी दोन महिने ही लहान गोष्ट नव्हे.

क्रिकेटपटू श्रेयस अय्यरनं हेच टप्पे सगळ्यांसमोर पार केले. २०२३ च्या सुरुवातीला पाठीमुळे तो बाहेर बसला, व्यायाम-उपचारांनी फेब्रुवारीत परतला, मार्चमधल्या अहमदाबाद कसोटीत पाठ पुन्हा धरली आणि एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्यानं ५३० धावा केल्या. आधी विनाऑपरेशन प्रयत्न, तो फसल्यावर चाकू. हा क्रम बहुतेकांना लागू पडतो, मात्र त्याच्या मागे उभी असलेली उपचारांची फळी सगळ्यांना मिळत नाही.

पायात काहीच नाही, नुसती कंबर वर्षानुवर्षं दुखते, अशांना कधी कधी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडण्याचा सल्ला मिळतो. हे ऑपरेशन वेगळं आणि मोठं आहे. मणका खरोखरच अस्थिर असेल, घसरला असेल तर त्याला जागा आहे. पण नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा मणके जोडणं हे नेटानं करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा दोन वर्षांनंतरही मिळाला नाही. नगर जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. ज्या उपचाराची बहुतेकांना गरज असते तो जिल्ह्यातच आहे. फक्त तो तीन महिने रोज करावा लागतो आणि फिल्ममध्ये दिसत नाही.

काही वेळा मात्र थांबणं हाच धोका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे तासांना किंमत असते, कारण दबलेल्या नसा उशिरा सोडवल्या तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, ताकद दिवसेंदिवस घटते, तरीही वाट पाहू नये. संध्याकाळी ताप, वजन उतरणं आणि रात्रीही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि बहुतेकदा चाकूशिवाय, महिनोन्‌महिने चालणाऱ्या औषधांनी बरा होतो.

उलट्या बाजूची भीतीही मोठी आहे. ‘मणक्याला हात लावला की माणूस पांगळा होतो’ हे वाक्य गावागावांत ऐकू येतं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. गादी बहुधा त्याच्या बऱ्याच खाली, चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी सरकते. तिथे फक्त सुट्या नसा असतात. एखाद्या नसेला इजा, जंतुसंसर्ग हे धोके खरे आहेत आणि शंभरात पाच ते पंधरा जणांची गादी पुन्हा सरकते. पण दोन्ही पाय जाण्याची जी धास्ती मनात असते, तिला या ऑपरेशनात फारच थोडा आधार आहे.

या जिल्ह्यात निर्णय खरा अडतो तो उसाच्या फडात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत दिवसभर वाकून कोयता चालवतात आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. अशा घाईत शरीराबद्दलचे निर्णय कसे होतात, हे शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली दिसलं: सर्वेक्षण केलेल्या ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कंबरेचं तसं होऊ नये.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मणक्याचं आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारता येतं. बुडालेला हंगाम मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण काय काम करतो हे पहिल्यांदा सांगावं, तेही ‘शेती’ एवढंच नव्हे, तर किती वाकतो, किती किलो उचलतो यासकट. मग विचारावं, की या ऑपरेशननं पायाचं दुखणं थांबेल की कंबरेचं, सहा आठवडे आणखी काढले तर काय बिघडेल, आणि मोळी पुन्हा कधी उचलता येईल. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तेही लपवू नये. जोडलेले मणके निकोटिनमुळे नीट न जुळण्याचा धोका वाढतो.

ओझं उचलायची मोकळीक ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी, तीही हळूहळू मिळते. तातडीचं नसेल तर वैशाखात ऑपरेशन करून घेतलं तर दसऱ्यापर्यंत शरीर सावरतं. भाद्रपदात ठरवलं तर त्या वर्षीचा कोयता घरीच ठेवावा लागेल, आणि हे मुकादमाकडून उचल घेण्याआधी दोघांनी बसून बोलायला हवं.