आवृत्ती-नियंत्रण : प्रकल्प-व्यवस्थापनातील उपयुक्तता

संशोधन प्रकल्पात एकाच अहवालाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘सुधारित अंतिम’ अशा फाइली साठत जातात. जुने मसुदे हाताशी असतात. परंतु कोष्टकातील एखादा आकडा कोणी, केव्हा व कशासाठी बदलला, याचा उलगडा त्यांतून होत नाही. आवृत्ती-नियंत्रण, म्हणजेच व्हर्जन कंट्रोल, ही उणीव भरून काढते. यात प्रत्येक बदलासोबत बदलकर्त्याचे नाव, वेळ व कारण नोंदविले जाते आणि कोणतीही नोंदलेली पूर्वस्थिती परत मिळविता येते. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत अशी प्रणाली तयार झाली होती. म्हणजे ही कल्पना तशी जुनीच आहे.

तिचे खरे मोल लिनक्सच्या इतिहासातील एका प्रसंगातून स्पष्ट होते. लिनक्सच्या गाभ्याचे मूळ भांडार तेव्हा ‘बिटकीपर’ या प्रणालीत होते व सोयीसाठी त्याची एक प्रत ‘सीव्हीएस’मध्ये ठेवली जाई. नोव्हेंबर २००३ मध्ये या प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसविल्या. त्या वरकरणी साध्या तपासणीसारख्या दिसत. मात्र तुलना करणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी तेथे एकच चिन्ह होते. त्यामुळे तुलना न होता वापरकर्त्याचा क्रमांक शून्य होई, म्हणजेच त्याला यंत्रावर सर्वाधिकार मिळत. नोंदीत नाव एका परिचित विकासकाचे होते. तरीही हा बदल मूळ भांडारातील कोणत्याही नोंदीशी जुळेना आणि म्हणूनच तो उघडकीस आला. केवळ नावावर विसंबले असते, तर कदाचित तो निसटला असता.

पुढे २००५ मध्ये बिटकीपरची मोफत सवलत संपुष्टात आल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ निर्माण केले. त्यात प्रत्येक नोंदीचा ओळख-क्रमांक तिच्या आशयावरून व आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढला जातो. साहजिकच मागील एखादी नोंद बदलली, तर पुढील साऱ्या नोंदींचे क्रमांक बदलतात.

प्राध्यापकांनी दोन मर्यादा मात्र ध्यानात घ्याव्यात. साध्या मजकुराच्या फाइलींतील फरक ओळीगणिक दिसतो. वर्डच्या फाइलींत तो तितक्या सहजतेने दिसत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मुलाखत दिलेल्या व्यक्तींची नावे एकदा भांडारात गेली, की फाइल पुसूनही ती इतिहासात शिल्लक राहतात. अशी माहिती प्रारंभापासूनच बाहेर ठेवावी.