तिरंगी लढतीचं गणित

नवी मुंबईतलं उलवे उरण विधानसभा मतदारसंघात येतं. इथे दोन बड्या आघाड्यांच्या मध्ये शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) ठाण मांडून राहिला.

• २०१४ : शिवसेनेचे मनोहर भोईर विजयी; शेकापचे विवेक पाटील अवघ्या ८११ मतांनी मागे.

• २०१९ : भाजपचे बंडखोर महेश बालदी अपक्ष लढून विजयी, युतीचे भोईर दुसरे, पाटील तिसरे.

• २०२४ : बालदी भाजपकडून विजयी. शेकापचे प्रीतम म्हात्रे आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाचे भोईर यांच्या मतांची बेरीज मात्र बालदींच्या मतांहून कितीतरी जास्त.

• दुसरी पद्धत : विधानसभेत मतं अशी विभागली की ती वाया जातात; विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघात मात्र पसंतीक्रमाने मतदान होतं. बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. २०१७ मध्ये शेकापचे बाळाराम पाटील तिथूनच आमदार झाले.